नाथाचा रिपोर्ट

न्हाई, न्हाई, तुमी खावा पावणं, मला खारी चालत न्हाई. दोन स्प्रिंगा हायत छातीत — हितंच बसवल्या, ह्याच दाराआड, चार वर्सं झाली. खावा की, लाजू नगा, सकाळधरनं बसलाय, पोटात काय तर पायजे. आत कोण हाय तुमचं? वडील व्हय. हुतील बरं, हितला डॉक्टर हुशार हाय. माझं? माझं कोण न्हाई म्हणा — आमच्या नाथाची बायको, राहीबाई. नाथाजी तिकडं वडूजकडचा, मेंढरंवाला. मी भाऊसो, पलूसचा, ऊस हाय माझा. दिवाळी झाली का नाथा मेंढरं घिऊन खाली येतोय, ऊस तुटल्याल्या रानात बसवतोय, रानाला लेंडीखत मिळतंय, आन् पाऊस तोंडावर आला का माघारी. सव्वीस वर्सं झाली ह्याला. माझ्याच वयाचा, त्रेसष्ट. आता तुमाला वाटंल, केवढ्या मनाचा माणूस हाय ह्यो, मेंढक्याच्या बायकूला गाडीत घालून सांगलीला आणलं — तसं नगा समजू.

त्येचं असं झालं — मला स्प्रिंगा बसल्या आन् घरात माझ्या ताटाचा दवाखाना झाला. संयोगिता, आमची मंडळी, बिनतेलाची भाजी करणार, फिकं वरण करणार, मीठ जवळ ठेवणार न्हाई. आन् समोरच्या रानात नाथाचं पाल. ह्यो गडी काय खात न्हाई ते इचारा. मेंढीच्या दुधाचा च्या, मटणावर बोटभर तवंग, चटणीवर शेंगतेलाची धार — आन् अंगानं कसा, तर चिंचंच्या फोकागत. वीस-पंचवीस किलोमीटर मेंढरामागं चालून यायचा आन् वर म्हणायचा, 'मालक, आज जरा कमीच झालं.' मला जिना चढला तर दम लागतोय. मग गावात तपासणीचं शिबीर झालं, शाळंत. संयोगितानंच त्येला नेलं — नाथाभावजी, तुमीबी चला म्हणून. डॉक्टरीण होती, वयानं लहान, पण चांगली. नाथाचा रिपोर्ट बघून तिनं त्येला चार माणसांत उभा केला. म्हणाली, 'बघा, हे काका दिवसभर चालतात, घरचं ताजं खातात, रक्तात चरबी अगदी बेताची.' समदी हसली. संयोगिताबी हसली. हसली त्येचं काय न्हाई वो, पण माझ्याकडं बघून हसली. 'बघा जरा,' म्हणाली. बत्तीस वर्सांत मी एवढा ऊस काढला, बंगला बांधला, तिच्या तोंडनं असं कौतुक मला आठवत न्हाई. आन् त्यो रिपोर्ट नाथानं कुठं ठेवला ठावं हाय? ठेवलाच न्हाई. दुसऱ्या दिशी त्यात चटणी बांधून रानात नेली. मी माझी फाईल कपाटात कुलपात ठेवतोय, आन् ह्यो गडी त्यात चटणी बांधतोय.

तर त्याच शिबिरात डॉक्टरणीनं आमा हार्टवाल्यास्नी वायलं बसवून सांगितलं. म्हणाली, तेल-तूप बेतानं खावा, पण खरा घात ह्या बेकरीतल्या आन् पाकिटातल्या मालात हाय. पातळ तेल कारखान्यात घट्ट करत्यात, वनस्पती म्हणत्यात, त्यात ते ट्रान्स फॅट का काय असतंय — जिभंला कळत न्हाई, खायाला कुरकुरीत लागतंय, आन् आत नळ्या आवळत जातंय. आता कायदा झालाय म्हणं, शंभराला दोनच्या वर चालत न्हाई. पण सुट्ट्या खारीवर कुठं काय लिवलेलं असतंय? कुणी कशात केली, कुणाला इचारायचं? मी लय ध्यान दिऊन ऐकत हुतो. समद्यात ध्यान दिऊन मीच ऐकलं असंल. आन् दुसऱ्या दिशी सकाळी स्टँडजवळच्या बेकरीतनं किलोभर खारी घेतली, नानकटाई घेतली, क्रीमरोल घेतलं, आन् नेऊन नाथाच्या पालावर दिलं.

असं बघू नगा माझ्याकडं. इख न्हाई घातलं मी. सगळी दुनिया खाती, तुमच्याबी हातात हाय की. मी मनात एवढंच म्हणायचो — फुडल्या शिबिरात त्येचा रिपोर्ट जरा बिघडू दे. मरू दे असं न्हाई, कवाच न्हाई. जरासा. डॉक्टरणीनं त्येलाबी म्हणावं, काका, जपा. संयोगितानं त्येलाबी फिकं वरण वाढावं. बास. पण एकदा दिलं आन् मग सवय लागली — मला देयाची. तीन हंगाम, दोन दिसाआड एक पुडा. संयोगिता म्हणायची, 'तुमी लय बदलला, नाथाभावजींवर किती जीव लावताय.' ती असं म्हणायची तवा मला चांगलंबी वाटायचं, हे आणि एक. आन् नाथाचा रिपोर्ट काय बिघडंना. दर साली शिबीर, दर साली तसाच. मला वाटायचं, ह्ये शरीर हाय का काळा फत्तर.

काल सकाळी राहीबाई कोकरं सोडाय उठली आन् छातीला हात लावून खाली बसली. घामानं लुगडं भिजलं. नाथा पळत दारात आला, मी गाडी काढली. हितं आल्यावर डॉक्टरनं इचारलं, बाई खातात काय? नाथा म्हणतोय — 'सायेब, आमचं काय असतंय, भाकरी आन् कोरड्यास. पण हिचं दात पडल्यापासनं हिला भाकरी चावत न्हाई. च्यात खारी बुडवून खाती, सकाळच्या सात-आठ, सांजच्याला तेवढ्याच. मी न्हाई खात, मला टाळ्याला चिकटतंय ते. पण हिला आवडतंय म्हणून मालकांनी तीन वर्सं खंड पडू दिला न्हाई.' मी शेजारीच उभा. डॉक्टरनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या स्प्रिंगा त्येनंच बसवल्यात, मला काय काय समजावून सांगितलंय त्येला पाठ हाय. मग खाली बघून कागदावर लिवाय लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मागनं एकट्याला गाठून इचारलं मी — डॉक्टर, खारीनंच झालं का? म्हणाला, एका गोष्टीनं होत नाही असं, बाईंना साखर निघालीय, कधी तपासलीच नव्हती, मिसरी लावतात, वय आहे. मी म्हणलं, म्हंजे खारीनं न्हाई. म्हणाला, 'भर पडलीच असेल, भाऊसो.' भर. तीन वर्सांत राहीबाई पुडा हातात घिऊन कितींदा म्हणाली असंल, दादा, कशाला एवढं? आन् मी नाथाच्या तोंडाकडं बघत बसायचो, त्यो खातोय का ते. ती खातीया, ते मला दिसायचं न्हाई. दिसायचं म्हणा. मोजलं न्हाई मी.

आन् एक सांगतो, पावणं, तुमी आज गेल्यावर पुन्यांदा भेटणार न्हाई म्हणून सांगतो. काल तिला आत घेतलं तवा नाथा ह्या फरशीवर बसून रडला. लाज न्हाई, काय न्हाई — राहे, राहे म्हणून. माझ्या टायमाला संयोगितानं सगळं केलं, खोटं कशाला बोलू, फोन केलं, कागद केलं, पावण्यास्नी च्या पाजला. पण असं माझं नाव घिऊन कोण रडलं न्हाई. आन् नाथाला तसा बघितला आन् माझ्या मनात काय आलं असंल? हेवाच आला. त्येची बायकू मी त्या दाराआड घातली, आन् मला त्येचाच हेवा वाटत हुता.

थांबा — दार उघडलं. नाथाच हाय. डोळं पुसतोय, पण हसतोय बघा. काय रं? बोलली? निभावलं म्हण की. मला? मला कशाला बोलवती, तू बस की तिच्यापाशी — बरं, बरं, येतो. आरं, हे काय? नाथा, पाया नगं पडू. ऊठ. ऊठ म्हणतो ना तुला, माणसं बघत्यात. सोड पाय.

पावणं, तुमी तरी तिकडं तोंड करा.