मोगऱ्याचा डबा

न्हाई इवाई, बसत न्हाई, हुबीच बरी हाय मी — गाडीत बसून बसून पाय आवघडल्यात. पानी? प्याले की आत्ताच. तुमच्या अंजनानंच तांब्या आनून दिला, पाया पडली आन् तशीच आत गेली, येक सबूद बोलली न्हाई. बोलंल कशी? आठ म्हयनं झालं तिला हितं माहेरी येऊन, आन् आठ म्हयन्यांत मी सासू आसून येकदा इचारलं न्हाई, पोरी कशी हायस म्हनून. पर झालं गेलं सोडा आता. सयाजीचं पत्र आलंय — लढाई मिटली, पलटनीतनं मोकळा झाला, शिमग्याला घरी येतोय. तीन वर्सांनी येतोय माजा ल्योक. त्यो दारात आल्यावर बायकू घरात नगं व्हय? म्हनून मी सोताहून आले, कऱ्हाडला गाडीत बसले ती हितं माधवनगरला उतरले. रंगूबाई कुनाच्या दारात आपनहून जात न्हाई, साऱ्या मलकापुरात इचारा — पर आले. पोरीला दुपारच्या गाडीनं संगं घेऊन जाते म्हनते.

आन् ह्यो डबा कशाला आनला? तर त्येचंबी पत्रातच हाय की. ‘मोगरा कसा हाय’ म्हनून इचारलंय त्येनं — आईची खुशाली नंतर, मोगरा आदी. त्येनंच आनलेलं रोप त्ये, लगीन झाल्यावर पयल्या रजंला आला तवा पुन्याच्या छावनीतनं, फौजंतल्या बिस्किटांच्या डब्यात लावून, रेल्वेत मांडीवर घिऊन. अंजनाला म्हनला, मी न्हाई तवर ह्येला सांबाळ. आता बगा की त्येची दशा, येक फांदी हिरवी हाय तेवडी. तुमी गिरनीच्या मालकाच्या बंगल्यावर बाग राखता, तुमच्या हाताला गुन हाय, म्हनलं येका खेपंत दोन कामं व्हतील — सून न्यायची आन् रोपाला नवी कुंडी करून घ्यायची. शिमग्यापतुर चार कळ्या धरल्या म्हंजे त्येच्या डोळ्याला बरं दिसंल.

कुंडी मातूर झ्याक हाय ही. त्ये काय ठेवताय बुडात — खापरी? भोकावर? … व्हय, माती वाहून जाऊ नये आन् पानी मातूर जावं. पान्याला वाट पायजे. पायजेच की, न्हाई कोन म्हनतंय. न्हाई — इवाई, डबा बुडाकडनं कशाला कापताय, गंजलाय नुसता, वरनंच उपसा की, हात कापंल तुमचा. बरं, कापा, तुमाला त्यातलं कळतंय. मी आपलं बोलले.

तुमी मागचं कायबी इचारलं न्हाई, ह्ये तुमचं मोठंपन. दुसरा आसता तर दारात हुबं केलं नसतं. पर माजीबी बाजू हाय की वो. बायकांचं बोलनं बापय मानसाम्होरं कसं बोलायचं, पर आता बोलाया लागतंय. मोगऱ्याची फुलं दर ऐतवारी खंडोबाला जात्यात आमची. देवाचं झाड म्हंजे बाईनं अडचनीच्या दिसांत शिवायचं न्हाई, सावली पडू द्यायची न्हाई, ह्ये माज्या सासूनं मला शिकिवलं, मी अंजनाला शिकिवलं. मागल्या चैतापतुर झाड आसं फुललेलं, येक येक वंजळ फुलं. आन् वैशाखात पानं पिवळी पडाया लागली. कळ्या आल्या त्या काळ्या पडून गळाल्या. धोंडुबाई शेजारची सोप्यात येऊन बसली, झाडाकडं बगितलं आन् म्हनली, रंगूबाई, हितं कुनाचा तरी इटाळ झालाय. घरात बायका आमी दोगी. माजं वय गेलं. मग ऱ्हायलं कोन?

मी इचारलं तिला. न्हाई म्हनली. परत इचारलं, न्हाई म्हनली, डोळं वर करून म्हनली — त्ये डोळं वर केल्याचाच मला राग आला बगा. मग जेष्टात, ऐतवारी, देवळात नेली. साऱ्या भावकीम्होरं, गुरव हुबा, मानूस दाटलेलं — उचल म्हनलं भंडारा, आन् घे शपथ. वीस वर्साची पोर, नवरा तिकडं बर्म्यात, आन् हिला मी त्या गर्दीत हुबी केली आन् बायकांच्या दिसांचं बोलाया लावलं. तिनं उचलला. म्हनली, मी शिवले न्हाई. तरी कुनाला खरं वाटलं न्हाई, कारन झाड तर मरायलाच लागलेलं. दुसऱ्या दिशी तुमी येऊन घिऊन गेला. आन् इवाई, ती गेली आन् पंदरा दिसांत त्या झाडाला पालवी फुटली. देवाशपत. मी धोंडुबाईला दावली, भावकीला दावली — बगा म्हनलं, ती गेली आन् झाड जगलं. आता तुमीच सांगा, कुनीबी काय म्हनंल?

काय झालं? थांबला का?

चिंदी हाय की ती. कसली आसंल… पोरं ख्येळत्यात वो सोप्यात, कुनी तरी कोंबली आसंल भोकात. मुळ्याच त्या — काळ्या पडल्यात न्हवं? वास येतोय. व्हय, कुजल्यात. पानी साठून. मला काय म्हाईत कुनी कोंबली, पानी घालायचं काम अंजनाचं व्हतं, डबा तिच्या ताब्यात, तिनंच आसंल —

न्हाई. आसं बगू नगा माज्याकडं. ठेवा ती खाली. ठेवा, इवाई, हातात धरू नगा.

माजीच हाय. माज्या इरकली लुगड्याचा काठ हाय त्यो. बाकीचं सूत कुजलं, काठ तेवडा ऱ्हायला. मला वाटलेलं, आतापतुर सगळंच कुजून गेलं आसंल.

पाडव्याचं सारवन केलेलं, इवाई. सोपा आरशावानी दिसत व्हता, पावनं यायचं व्हतं, आन् ह्या डब्याच्या बुडातनं तांबडं पानी गळून वगळ आला भुईवर. म्हनून कोंबली. येवडंच. काडीनं आत दाबून दाबून कोंबली, पावनं गेल्यावर काडू म्हनलं, आन् इसरले. खरंच इसरले — इतपतुर माजी चूक न्हाई, ह्ये तुमीबी म्हनाल. पोर रोज तांब्याभर पानी घालायची, नवऱ्याचं झाड म्हनून अडचनीचं दिस सोडलं तर येक दिस चुकवायची न्हाई, आन् त्ये पानी आत साठून मुळ्या कुजवत व्हतं. ती गेल्यावर पानी घालाया कुनी न्हाई, डबा वाळला, म्हनून पालवी फुटली; पत्र आल्यावर मी पानी घालाया लागले आन् परत तीच गत झाली. ह्ये आता तुमी सांगायच्या आदी मला कळत व्हतं. व्हय, कळत व्हतं.

कवापासनं? … देवळातच कळलं. सांगून टाकते, आता काय ऱ्हायलंय. भंडारा तिच्या हातात व्हता आन् ती म्हनली, “आत्याबाई, मी शिवले न्हाई. मी पानी घालते त्ये खाली जातच न्हाई, वरच हुबं ऱ्हातंय, तुमी बगा तरी.” आन् माज्या डोळ्याम्होरं ती चिंदी आली. तितंच. येक सबूद बोलायचा व्हता — थांबा, चूक माजी हाय. पर सारी भावकी बगत व्हती, धोंडुबाई म्होरंच हुबी, मी आदी इतकं बोलून बसलेली… माजं तोंड उघडलं आन् काय निघालं? म्हनले, “देवाम्होरं उलटं बोलतीस?” त्यापाई तिची मान खाली गेली. त्यानंतर ती माज्याशी बोललेली न्हाई.

लाज वाटती मला, इवाई. रोज वाटती. पालवी फुटली तवा धोंडुबाईला दावताना वाटली, जेवताना वाटती. सयाजीचं पत्र गुरवानं वाचून दावलं — त्येच देवळात, त्येच पायरीवर — तवा वाटलं, भुई फाटंल तर बरं. आन् तरीबी आज हितं येताना गाडीत मी मनाशी काय जुळवत व्हते म्हाईत हाय? ‘झालं गेलं सोडा’ म्हनायचं, पोर न्यायची, ल्योक यायच्या आत घर झाकून घ्यायचं. त्येला कळाया नगं, आपल्या आईनं काय केलं त्ये. आन् आत्ता, तुमच्या तोंडावर, परत तिच्याच माथ्यावर घालाया निगाले मी. जीभ आपसूक तिकडंच गेली बगा. सवय झालीया जिभंला.

कापा तेवड्या काळ्या मुळ्या. जगंल का? … जगू दे न्हाईतर मरू दे, हितंच ऱ्हाऊ दे कुंडी. सयाजीनं दिलं त्ये तिला, मला न्हाई.

आगं — तू कवा आलीस भाईर? आन् ह्ये गटुळं कशाला बांदलंस? कुनी सांगितलं हिला? … दुपारच्या गाडीनं म्हनले मी, त्ये आयकून बांदलं व्हय. किती आयकलंस? … बरं, नगं सांगूस.

बगा इवाई, पोर तयार हाय. नुसतं चल म्हनायचं. साडीबी बदललीया तिनं, नवरा येनार म्हनून. ज्येच्यासाटी आले त्ये हातात हाय माज्या. घिऊन गेले तर गाव काय म्हनंल? रंगूबाईनं सुनंला माफ केलं. माफ केलं म्हनतील, इवाई. मी मोठ्या मनाची ठरंन, आन् ही जलमभर खंडोबाम्होरं खोटी शपथ घेनारी. मी म्हातारी मेले तरी ती तशीच ऱ्हाईल.

न्हाई. ठिव त्ये गटुळं आत. आज यायचं न्हाई तू. ऐतवारी मी भंडारा उचलते, त्याच मानसांम्होरं, धोंडुबाईला हाक मारून बोलवते आन् चिंदी कुनी कोंबली त्ये सांगते. सयाजी आला तर त्येलाबी मीच सांगंन. मग यील त्यो तुला न्यायला. आन् त्या आदी मी परत आले, गोडगोड बोलले, तर आयकू नगंस माजं — आदी इचार, देवळात बोलला का. बोलले नसंन तर दार उघडू नगंस.

जा. पाया पडू नगंस, पोरी. आत जा म्हनते न्हवं.