तो वळला तेव्हा मी तिथे नव्हतो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आमचे संचालक आणि पाहुणे मंडळी, वेधशाळेतले माझे सहकारी, त्यांच्या घरची माणसं, आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आपल्या सगळ्यांच्या घाईताई,

निरोपाच्या प्रसंगी गोड बोलावं असा संकेत आहे. प्रयत्न करतो.

घरच्या मंडळींसाठी थोडं सांगायला हवं. ताऱ्याचा प्रकाश यंत्रातून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. तारा लांब जात असेल तर त्या तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या. किती सरकल्या, त्यावरून वेग कळतो. एक अंधुकसा तारा मी वर्षानुवर्षं असा मोजला. कायम तांबड्याकडे, कायम तेवढाच. सरळमार्गी गडी, मला आवडायचा. मग माझ्याकडे यंत्रदुरुस्ती आली आणि तारा गेला ताईंकडे.

पुढच्याच हिवाळ्यात त्या धावत माझ्या खोलीत आल्या. (चालत आलेल्या कुणी पाहिल्यात का?) "सर, रेषा निळ्याकडे गेल्यात! माझं काही चुकलंय का?"

खरं सांगू? चुकलेलं असावं, असं मला मनापासून वाटलं. "यंत्र बघावं लागेल," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो. आरसे तपासले, प्रकाशाची फट तपासली, तुलनेचा दिवा बदलून पाहिला. दोष म्हणून सापडेना. सापडणार कसा? दुरुस्ती मीच केलेली! स्वतःच्या चोख कामाचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

घरी जेवतानाही मी ताऱ्याचंच गाऱ्हाणं लावलं. बायको म्हणाली, "तारा काय तुमच्या नावावर होता?"

दुसऱ्या दिवशी संचालकांनी विचारलं, "जाहीर करू ना? दुसरी वेधशाळाही याच ताऱ्यामागे आहे." "थोडं थांबा" एवढं म्हटलं असतं तरी शोध त्या दुसऱ्यांच्या नावावर गेला असता. जिभेवर आलंही होतं. ताई दारात उभ्या, चेहरा पांढराफटक.

मी म्हणालो, "यंत्र ठीक आहे. यांचं बरोबर आहे. ताऱ्याला जोडीदार आहे, आपल्याला न दिसणारा. तो याला फिरवतोय, म्हणून हा आता आपल्याकडे वळलाय."

ताईंनी शोधनिबंधात माझं नाव घातलं. मी ते काढायला लावलं नाही. तेवढं मोठं मन नाही माझं. पण हात मिळवायला सगळे त्यांच्याकडे. मी आपला कॉफीचा कप धरून उभा. माझ्यासमोर तारा सरळ चालत राहिला आणि वळायचं तेव्हा यांच्यासमोर वळला. अध्यक्ष महोदय, हा काय न्याय झाला?

आता त्या आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या दुर्बिणीकडे चालल्यात. परवा म्हणाल्या, "सर, तारा परत तुमच्याकडे सोपवू का? म्हणजे, तसा तो मला तिकडूनही मोजता..."

वाक्य पुरं होऊ न देता मी म्हणालो, "द्या!"

तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ना, ते मी लगेच ओळखलं. दाढी करताना रोज बघतो.

ताई, तिकडे खूप मोठ्या व्हा, माझी जळायची तयारी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि मला खाली बसायची परवानगी द्या.