भालूकाकांनी काशीत काय सोडलं

मंडळी, सरकून बसा! खांबाआडच्या मावशी, पुढे या — कीर्तन ऐकायचं असतं, खांब बघायचा नसतो!

आज एकच प्रश्न विचारते. देवाला द्यायचं तर काय द्यायचं? आवडतं की नावडतं?

'आवडतं!' वा! केवढ्यानं ओरडलात! आता काशीला जाऊन आलेल्यांनी हात वर करा बघू. लाजू नका! काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ गंगेवर सोडून यायचा, ही आपली जुनी रीत. आजोबा, तुम्ही काय सोडलंत? — कारलं! आजी, तुम्ही? — पडवळ! आणि तुम्ही? — दुधी!

धन्य आहे! गंगामाईच्या ओटीत अख्खा भाजीबाजार ओतून आलो आपण. फक्त आपल्याला नको तेवढाच!

तर ऐका. आमचे भालूकाका, देवरुखचे. परसात हापूसची पाच कलमं. काकांचा स्वभाव असा, की जेवताना प्रत्येक घासाला नाव ठेवायचं. आमटी पातळ, भाकरी जाड, चटणीला दम नाही! बोलायचे थांबतात ते फक्त ताटात आंबा आला की. आंबा खाताना शेजारी घर पडलं तरी काका मान वर करणार नाहीत!

दोन वर्षांपूर्वी काकांना कावीळ झाली. फार वाढली. तेव्हा आमच्या इंदूकाकूंनी नवस बोलला — "हे उठून बसले, तर काशीला नेईन आणि यांचा सगळ्यात आवडता पदार्थ सोडायला लावीन."

काका उठून बसले. आणि पहिलं वाक्य काय बोलले? "अगं, आजारी मी, औषधं कडू खाल्ली मी, आणि नवसही माझ्याच ताटातून?"

पण नवस तो नवस! नाताळच्या सुट्टीत निघालो आम्ही तिघं. काका, काकू आणि पिशव्या धरायला मी!

काशीत आमचे उपाध्ये गुरुजी म्हणाले, "यजमान, परवा सकाळी घाटावर या. आणि लक्षात ठेवा, नावडतं सोडलंत तर ते सोडणं नव्हे, फेकणं!"

काकांचा चेहरा असा झाला — कलमांवर वीज पडावी तसा! मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, डोकं लढवलंय. आवडता पदार्थ सोडायचा ना? मग काशीतच एक नवा आवडता शोधू! इथंच मिळणारा, देवरुखात न मिळणारा. तो सोडला की नवस फिटला, आंबा वाचला!"

काय बुद्धी आहे! हीच शाळेत वापरली असती तर काका कलेक्टर झाले असते!

काकू म्हणाल्या, "शोधा की. पण खरंच आवडला का, ते मी ठरवणार. तुम्ही बोलायचे थांबलात, की समजेन."

झालं! देवदर्शनाला आलेला माणूस खायची ठिकाणं विचारत फिरायला लागला! रिक्षावाल्याला विचारलं, पेढेवाल्याला विचारलं, नाव वल्हवणाऱ्यालासुद्धा विचारलं, "भैया, यहाँ सबसे बढ़िया क्या मिलता है?" तो बिचारा म्हणाला, "मोक्ष, बाबूजी!" काका म्हणाले, "वो बाद में. नाश्ते में?"

ठठेरी बाजारात कचोरी आणि जिलबी खाल्ली. पहिल्याच घासाला काका सुरू! "भाजीत हिंग जास्त पडलाय." काकू म्हणाल्या, "नापास. चला!" संध्याकाळी टोमॅटोची चाट. पानांच्या द्रोणात, वर तुपाची धार, मला तर दुसरा द्रोण हवा होता! काका म्हणाले, "आमच्याकडे टोमॅटोचं सार करतात, त्याची सर नाही." नापास! लस्सी आली. "साय बरी आहे, पण कुल्हडाला मातीचा वास येतो." अहो काका, मातीच्या भांड्याला काय अत्तराचा वास येणार?

जीभ म्हणे चला, पाय म्हणे थांबा,
पोट म्हणे झाले, कुणी ऐकेना बा!

चाल माझी, शब्द माझे. पेटीवाले काका, हसू नका, सूर धरा!

उजाडला नवसाचा दिवस. सकाळी सातची वेळ, धुकं, आणि काका हवालदिल. घाटाकडे जाताना चौकाजवळच्या गल्लीत एक म्हातारबाबा मोठ्या परातीपुढे बसलेले. परातीत पिवळा फेस! दुधाचा फेस, रात्रभर दवात ठेवलेला, केशर घातलेला. मलइयो म्हणतात त्याला. फक्त थंडीत होतो, फक्त सकाळी मिळतो.

काकांनी एक चमचा तोंडात घातला.

मंडळी — काका गप्प!

दुसरा चमचा. गप्प! कुल्हड संपलं, दुसरं घेतलं. गप्प! समोरून सांड गेला, काकांच्या धोतराला शेपूट लागलं, तरी गप्प! काकूंनी टाळी वाजवली, "सापडला! उठा आता, गुरुजी खोळंबलेत."

म्हातारबाबा म्हणाले, "और लीजिए बाबूजी, नौ बजे तक सब पानी हो जाएगा."

"लौटके आता हूँ!" काका म्हणाले. हो, म्हणजे सोडायला निघालेला माणूस परत येतो सांगून निघाला!

घाटावर काका गुडघाभर पाण्यात उभे. ओंजळीत गंगा. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि विचारलं, "यजमान, बोला, काय सोडता?"

किती सोपं होतं! एक शब्द बोलायचा होता — मलइयो! पण जिभेवर त्याची गोडी अजून तशीच. केशर विरघळतंय, डोळ्यांपुढे ती परात! आता ह्या जन्मात पुन्हा नाही? ओठ हलले, पण शब्द फुटेना. गुरुजी म्हणाले, "यजमान, पाणी गळतंय!" काका घाबरले, आणि ओरडले —

"आंबा!"

"सुटला!" गुरुजी म्हणाले. पाणी सुटलं, आंबाही सुटला!

काकू मटकन पायरीवर बसल्या. काका ओल्या धोतरानं गल्लीकडे धावले, मी मागे! पोचलो तेव्हा परातीत पातळ पिवळं दूध. "अब कल, बाबूजी." आणि आमची गाडी दुपारची!

हसलात? हसा, मीही हसले होते. पण मे महिन्यात मी देवरुखला गेले. पडवीत आंब्यांची आढी घातलेली, घरभर वास. काका ताटावर बसले, समोर रस नाही. काकूंनाच बघवेना. म्हणाल्या, "अहो, गुरुजींना फोन लावते. तुमच्या तोंडून घाईत निघालं. बदलून देत असतील."

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "नको गं इंदू. जन्मभर देवाला मोजूनमापूनच दिलं. नारळसुद्धा छोटा बघून घेतला. हे एकदाच, चुकून, खरं दिलं गेलं. ते परत कसं मागू?"

आणि काकूंच्या हातातली रसाची वाटी घेऊन माझ्या ताटात ठेवली.

मंडळी, ती वाटी माझ्या ताटात तशीच राहिली.

म्हणून सांगते. जाणूनबुजून जमत नसेल, तर काकांसारखं चुकून तरी खरं द्या! कारलंवाले आजोबा, तुमच्याकडेच बघतेय! चला, आता सगळ्यांनी हात जोडा. आणि जरा बघा, कुणाच्या मुठी मिटलेल्या तर नाहीत ना? मुठी मिटून नमस्कार होत नाही. करून बघा!