देवाचा निरोप आणि खालची दाढ

नाही नाही, तोंड मिटायचं नाही काका. आ करा. अजून मोठा — हां, अस्सं. बधिर झालंय ना? झालंच असणार, इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली. आता हा कापूस इथं, हा दुसरा गालात, आणि ही नळी अशी ओठाला अडकवून ठेवते — हिचा सुर्रर्र असा आवाज होतो, त्याला घाबरायचं नाही, ती फक्त लाळ ओढते. दुखलं तर डावा हात वर करा. बोलायचं नाही. तर मी काय म्हणत होते? हां, देव! बरं झालं तुम्हीच आलात. कधीपासून मला तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुम्ही तिकडं टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, समोर पस्तीस माणसं खुर्च्या टाकून बसलेली, दर बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी देव तुमच्या कानात बोलणार आणि तुम्ही ते लोकांना सांगणार — सगळे संदेशकाका, संदेशकाका करतात, तिथं मी दातांची डॉक्टरीण मध्येच उठून काय बोलणार? आणि आज बघा. बुधवार, चार वाजायला आलेत, आणि तुम्ही माझ्या खुर्चीत आडवे. दाढ ठणकायला लागली की भल्याभल्यांना माझा जिना चढावा लागतो.

रागावू नका, पण देवाची ही एकाच माणसाला गाठून सांगायची पद्धत आहे ना, ती मला मुळीच पटत नाही. का पटत नाही? अहो, मी अनुभवाने सांगते. सव्वीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगतेय — झोपायच्या आधी दात घासा. प्रत्येकाला, समोर बसवून, तोंडात आरसा घालून. तरी कुणी ऐकत नाही. मग समजा मी एकाच पेशंटला सांगितलं असतं, तेसुद्धा डोंगरावर नेऊन, बरोबर साक्षीदार नाही, आणि म्हटलं असतं, जा, बाकीच्या जगाला तू सांग. काय झालं असतं? पहिल्या गल्लीत ‘झोपताना घासा’, दुसऱ्या गल्लीत ‘घासून झोपा’, तिसऱ्या गल्लीत दोन गट पडले असते, ब्रश उभा धरणारे आणि ब्रश आडवा धरणारे, आणि दोघांनी मिळून एकमेकांचे दात पाडले असते. मला काय, माझा धंदा वाढला असता. पण देवाला काय मिळालं? — हात वर केलात? दुखतंय? की चार दहा झाले, बोलतोय का तो? नाही? मग खाली घ्या. उगीच मध्ये मध्ये हात नको.

मी नीट विचार केलाय यावर. सगळ्यांना एकदम सांगायचं. मंगळवारी सकाळी अकराला — पहाटे नाही हं, या देव लोकांना पहाटेचं भारी वेड, पण पहाटे माणूस धड ऐकत नाही, हो हो म्हणून कूस बदलतो. अकराला कसं, चहा झालेला असतो, जेवणाची घाई नसते. आणि आवाज गडगडाटी नको. आभाळातून गडगडाट झाला की कुणाला देव आठवत नाही, वाळत घातलेले कपडे आठवतात. प्रत्येकाला आपल्या आईच्या आवाजात सांगावं, पण आई शांत असतानाच्या. जास्तीत जास्त तीन मुद्दे. दाढ काढल्यावर मी पाच सूचना देते काका, पाच, आणि जिना उतरेपर्यंत माणसाच्या डोक्यात एकच उरते, आईस्क्रीम खा. आणि काहीतरी उपयोगाचं सांगावं! ‘चांगलं वागा’ हे काय सांगणं झालं? ते आम्हाला ठाऊकच आहे, आम्ही वागत नाही तो भाग वेगळा. त्यापेक्षा देवाने सांगावं ना, ‘बाई, तुझा हरवलेला मोजा वॉशिंग मशीनच्या मागं पडलाय.’ लगेच विश्वास बसतो! मोजा सापडलेला माणूस पुढचे दोन मुद्दे निमूट ऐकेल. आणि दर सहा महिन्यांनी परत. एकदा सांगून दोन हजार वर्षं गायब, असं करून कसं चालेल? आम्ही साधं फिलिंग केलं तरी पेशंटला परत बोलावतो.

आणि सगळ्यात मुख्य काय? सांगू? प्रश्नोत्तरं नकोत. देव बोलतोय तर माणसाने गप्प बसावं, नाहीतर हा विचारणार, पण शेजारी करतो ते चालतं का, ती विचारणार, माझ्या सासूलाही हेच सांगितलंत का — संपलं मग. म्हणून मला तर वाटतं सगळ्या मानवजातीला अशा खुर्च्यांवर आडवं करावं, डोळ्यांवर हा दिवा, दोन्ही गालांत कापूस, आणि वरून देवाने निवांत बोलावं. काय बिशाद आहे कुणाची मध्ये बोलायची! अहो, या खोलीत मी सव्वीस वर्षं बोलतेय, एकाने वाद घातला नाही. मुलीचं लग्न जमलं का हो? — जमलं असेल. सुट्टीत कुठं गेला होतात? — गेला असाल कुठंतरी. उत्तर येतच नाही, मग मीच देऊन टाकते. वेळ वाचतो. — जरा इकडं वळा. आता थोडी घरघर होईल. कीड बरीच खोल आहे. गोड खाता तुम्ही. खाताच. हॉलमध्ये तुमच्यासमोर पेढ्यासारखं काहीतरी ठेवलेलं असतं, आमच्या ह्यांनी सांगितलं होतं — सांगत होते तेव्हा.

आता बघा, तेच काढायचं नव्हतं मला. पण निघालंच आहे तर बोलते. बाहेर टेबलाशी बसलेत ना, नावं लिहून घेतात ते, चष्मा कपाळावर — ते आमचे हे. तुम्ही ओळखताच, तुमच्या दुसऱ्या रांगेत असतात. नकाशे काढायच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि माझ्याकडं बाहेरचं बघायला लागले. चार महिने अकरा दिवस झाले, तो माणूस एक शब्द बोललेला नाही. सकाळी चहाच्या कपाखाली चिठ्ठी होती — ‘देवाचा निरोप: मौन. संदेशकाकांमार्फत.’ बास. त्या दिवसापासून मूग गिळून बसलेत. आता मला सांगा, रिसेप्शनवरच्या माणसाला कुणी मौन देतं का? फोन घेतात आणि रिसीव्हरवर टकटक करतात, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. परवा एका बाईने पोलिसांत कळवलं, दवाखान्यात कुणालातरी बांधून ठेवलंय म्हणून. पोलीस आले! आणि ह्यांनी त्यांना पुठ्ठा दाखवला — ‘बसा. डॉक्टर येत आहेत.’ हसू नका, नळी निसटेल. तुम्हाला हसू येतंय, मला घरी त्यांच्यासमोर जेवायला बसावं लागतं.

बोलायचे हो किती! तुम्हाला नाही कल्पना. पेपर मोठ्याने वाचायचे, तोही मथळे नाही, हरवले-सापडले आधी. कुणाची काळी छत्री हरवली, कुणाचा पोपट उडाला, आणि मग दिवसभर त्या पोपटाची काळजी — सापडला असेल का गं? पेशंट अर्धा तास आधी यायचे त्यांचं ऐकायला. एकजण तर दात काढून झाला तरी पोपटाचं काय झालं ते कळायला पुन्हा आला. मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? इकडं माझ्या हातात कुणाची तरी नस, आणि बाहेर ह्यांचं सुरू. आता बाहेर इतकं शांत असतं ना काका, की मला माझीच मशीन ऐकू येते. मी घरी गेले की बोलत राहते, भाजी कशी झालीय, बरी झालीय, मीठ जास्त आहे का, नाही बरोबर आहे, उद्या पाऊस येईल का, येईल बहुतेक — सगळं मीच. कधी कधी वाटतं भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मान तरी डोलावत नाही. हे मान डोलावतात.

म्हणून मी ठरवलंय. ऐका. आजच्या बुधवारी देवाने नवा निरोप द्यायचा. ‘मौन संपलं. बोला.’ दोन मुद्दे, तीनसुद्धा नाहीत. तुम्ही उठायचं, बाहेर जायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं. मी काही तुम्हाला धमकी देत नाहीये, हे हातातलं ड्रिल आहे, कामासाठी आहे. तुमची दाढ मी व्यवस्थितच करणार, शत्रूची असती तरी केली असती. पण चार महिने अकरा दिवस! तुमच्या देवाचं मी काय वाकडं केलं होतं? — परत हात? दुखतंय? नाही? मग? बोलायचंय? आता नाही बोलता यायचं, ओठ सुजल्यासारखा लागतोय ना, शब्द गळतील खाली. काय? लिहायचंय? बरं. हे घ्या पॅड, हे पेन. मान हलवू नका फक्त. मला चष्मा — हं.

‘मौन… देवाने… सांगितलं नाही.’ नाही? काका, चिठ्ठीत चक्क तुमचं नाव होतं! ‘यजमानांनीच… मागून घेतलं.’ मागून? असा कुणी मागून घेतो का निरोप? लिहा, लिहा पुढं. तुमचं अक्षर माझ्याहून वाईट आहे. ‘म्हणाले… बायकोने गप्प बसायला… सांगितलंय. नुसता गप्प बसलो तर… म्हणेल रुसलात. देवाचं नाव लावलं… तर कारण विचारणार नाही.’

मी? मी कधी सांगितलं? काहीतरीच. मी कशाला सांगेन — थांबा. थांबा हं. एका बाईंची दातावरची कॅप निसटून घशात चालली होती, मी ती चिमट्यात पकडलेली, आणि हे नेमके दारात येऊन उभे. ‘अगं, मला एक सांगायचं होतं.’ मी मागं न बघता म्हटलं, अहो, देवासाठी तरी गप्प बसा. एवढंच. माणूस बोलून जातो! कॅप घशात चालली होती! पण दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी, हो — दुसऱ्याच दिवशी. आईगं. म्हणजे मी म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. एकदाच सांगितलं, चार शब्दांत, ओळखीच्या आवाजात, आणि माणसाने तंतोतंत पाळलं. असा निरोप तर मी देवाकडं मागत होते इतका वेळ.

पण मग तुम्ही तो निरोप दिलात कशाला? कुणी काही मागितलं की द्यायचं का? परत लिहिताय? द्या इकडं. ‘तुम्ही… कारण विचारलंत का?’ विचारलं नाही म्हणजे? रोज विचारलं! रोज रात्री ताट वाढताना विचारलं, का हो असं करता, काय झालंय तुम्हाला? आणि ते वर बघायचे, पेनसुद्धा काढायचे खिशातून, आणि मग मीच म्हणायचे, राहू द्या, माहितेय मला, तुमचा तो देव. दरवेळी. पेन पुन्हा खिशात.

तोंड मिटा. मिटा हो, झालंय फिलिंग, केव्हाच झालंय, मीच उगीच पॉलिश करत बसले होते. चूळ भरा. थुंका. पाणी ओठावरून ओघळेल, तो रुमाल घ्या. दोन तास काही चावायचं नाही, गरम प्यायचं नाही — आणि निरोपबिरोप काही द्यायचा नाही बाहेर, कळलं? एक अक्षर नाही. मागच्या दाराने जा, जिना तिकडूनही आहे. पायरीला जपून. जा हो, उभे काय राहिलात? जा.

अहो.

अहो, जरा आत येता का? पुठ्ठे राहू देत. या, इथं बसा, खुर्चीवर — नाही, आडवं नको व्हायला, नुसते बसा. दिवा बंद करते. त्या दिवशी तुम्ही दारात आला होतात, तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. काय होतं ते? बहुतेक पोपटाचंच असेल, नाहीतर तुमच्या बहिणीचं काहीतरी, मला वाटतं तिचंच — नाही. नाही. मला नाही माहीत. तुम्ही सांगा.

…

हं.

हं… हं.