जुन्या गिऱ्हाइकांची मापं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा भाचा नंबराची वाट बघत होते.

"कापडावरचे नमुने काढायचा तो फुकटचा प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरवर टाकलास खरा, पण तो सगळीकडे नाक खुपसेल."

"नाही आत्या. त्याला एकच फोल्डर उघडं ठेवलंय. बाकीचं त्याला दिसणारसुद्धा नाही."

"आणि डी ड्राइव्ह?"

"तो तर पूर्ण बंद केलाय."

"बघ हो. बायकांची मापं आहेत त्यात. एकीचं माप दुसरीला कळलं तर दुकानाला टाळं लागेल."

"मापांना काही होत नाही, मृत्युपत्रालाही नाही. तू निर्धास्त राहा."

"कसलं मृत्युपत्र?"

"म्हणजे, ते डी ड्राइव्हवरचं."

"त्या फाइलला मी 'जुन्या गिऱ्हाइकांची मापं' असं नाव दिलं होतं."

"व्हायरस आहे का ते बघायला उघडली, आत्या. पहिलंच पान दिसलं, लगेच बंद केली."

"बरं केलंस. तुझं नाव शेवटच्या पानावर आहे."

"शेवटच्या पानावरही नाहीये, आत्या."