प्रेसला लावलेलं कुंकू

न्हाई उठायची, सांगितलं ना — ‘राखीव’ लिवलंय ते दिसतंय मला, डोळे शाबूत हायेत माजे. कागद काढून नीट घडी करून मांडीवर ठेवलाय. पावण्यांना दुसऱ्या रांगंत बसवा, तिथं काय काटे टोचत्यात व्हय? तुमी स्नेहल मॅडम न्हवं? वळखलं — हर्षाली लई नाव घ्यायची तुमचं, कॉलेजचं हे म्युझियम सगळं स्नेहल मॅडमच बघत्यात म्हणून. मी तिची आई, सरुबाई, महाळुंग्याची. आज तिचंच भाषण हाय ना — तर जे काय बोलायचं ते माज्या तोंडाकडं बघून बोलू दे, म्हणून पुढं बसले. तिनं निरोप धाडला व्हता येऊ नको म्हणून, त्ये बी खरं. पर खंडेनवमीपासनं माज्यासंगं बोलत न्हाई ती, मग मी तरी का ऐकू तिचं?

आन मी काय पयल्यांदा आले का हितं? मागल्या भाषणाला हर्षालीनंच आणलं व्हतं — ते दाढीवाले सर, आठवतंय का? सर डोळे मिटून बोलत व्हते आन हजेरीपुरती आणलेली पोरं डोळे मिटून ऐकत व्हती. मग टाळ्या, शाल, नारळ, वडापाव. प्रदर्शन बी बघितलं मी सगळं. ती पलीकडची खोली मोकळी दिसली, मला वाटलं टेम्पो यायचा असंल अजून माल घिऊन — तर वॉचमन म्हणला, आजी, ही मोकळी खोलीच कला हाय, पाय नका ठिवू. बरं बाबा, न्हाई ठेवत. आपल्याला काय, आपण पावणे.

पर हर्षालीची ती पावर प्रेस, पत्रा दाबायचं मशीन — ती मला कुणी समजावून सांगायची गरज न्हवती. आमच्या मालकांनी, हर्षालीच्या पप्पांनी, उभी जवानी घातली तिच्यावर, आन तिनंच त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. कंपनी बसली, मशीन भंगारात गेली, आन आमची लेक ती हुडकून हितं आणती — पांढरा वट्टा, वरनं लाईट, खाली पाटी ‘बोटं खाणारी’. चुकलं न्हाई तिचं. पर तुमीच सांगा, पांढऱ्या वट्ट्यावर मशीन, वरनं उजेड, चारी बाजूंनी माणसं गप हुबी, आन दिवस खंडेनवमीचा — माणसाला काय सुचंल? त्या दिवशी आमी कोयता पुजतो, सुई पुजतो, पोराची गाडी पुजतो. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाह्यला, नारळ फोडला. पाणी वट्ट्यावरनं खाली आलं, व्हय, नाकबूल न्हाई. वॉचमननं खोबरं खाल्लं, तुमच्या मोठ्या सरांनी बी खाल्लं, गोड हाय म्हणले, आन मग इचारलं कसला परसाद — तवा कुठं एकदम नासधूस झाली. ह्या स्टेजवर ज्याच्या त्याच्या हातात नारळ देता ती संस्कृती, आन आमी मशीनम्होरं फोडला की नासधूस. वा रे न्याय.

मीच तिला फोन करून सांगितलं, माजं काम हाय म्हणून. तर म्हणली, “आई, जिनं पप्पांची बोटं घेतली तिला हळद-कुंकू?” — आन ठेवला फोन. तवापासनं वाकडलाच हाय मैत्रिणींकडं, घरी पाय न्हाई. पर त्याच मशीनवर आमची चूल पेटली, तीच शिकली सवरली. राग बी खरा आन खाल्लेला घास बी खरा. म्हणून म्हणते, गुन्हा माजा. ह्याच हातानं हळद फासली, कुंकवाची तीन बोटं वढली — काय? पाच वढत्यात, ठावं हाय की मला. मग पाचच म्हणले असंन. माज्या हाताकडं काय बघताय, मॅडम? हायेत पाची जागच्या जागी.

बरं. मालकांनी लावलं. पर पोरीला बोलायचं न्हाई तुमी, शपथ हाय. आमी दोघं गेलतो. जुना जोडीदार भेटावा तसं हुबं ऱ्हायले तिच्याम्होरं, हात फिरवला, म्हणले, ताट दे. मग बोंबाबोंब झाली तसं म्हणले, तुजं नाव सांग — ज्याच्यासाठी पोरीनं एवढं मांडलं त्यानंच हात जोडले म्हणल्यावर लोकं हसतील तिला. तवापासनं अर्ध्या भाकरीवर उठत्यात. ‘लेकीचं पयलं मोठं काम माज्या हातानं नासलं’, एवढंच घोकत्यात. माज्यासंगं बोलंना का ती, मी निबर हाय. त्यांचं हाल बघवत न्हाईत, मॅडम.

आली बघा. बघितलं मला — बघितलं, आन नजर वळवली. खाली बसा तुमी, मला दिसंना. फोटो लावला पडद्यावर. अगं बया, ते कुंकूच केवढं मोठं केलंय. काय म्हणली? पुसू दिलं न्हाई म्हणली का? थांबा जरा.

“ही माझ्या पप्पांची तीन बोटं आहेत. आईनं अंगावर घेतलं, पण मी ओळखली. मशीनवर रागावले मी, पप्पांना मात्र कधी विचारलंच नाही.”

ऐकलं ना तुमी? असंच म्हणली ना? माजा फोन घ्या मॅडम, मालकांना लावा — वरचंच नाव. लागला? द्या हिकडं. अवो, मी हाय. बोलू नका काय बी, निस्तं ऐका, हर्षाली बोलतीय तुमच्यावर. धरा मॅडम, हात लांब करा, तिच्याकडं तोंड करून धरा. आन गप ऱ्हावा आता. लई बोलता तुमी.