मेमरी कोण खातंय?

पारू : अजून चोर सापडला न्हाई व्हय?

सुदेश : न्हाई, आत्ती. तीन दिवस तेच. मेमरी भरत जातीया आन् चारच्या ठोक्याला सर्व्हर पडतोय. आज पडला तर सोमवारपासून बेंगळूरच्या ऑफिसात बसायचं, असं मॅडमनं बजावलंय.

पारू : जा की. मी आन् रानडुकरं हायच हितं.

सुदेश : या दुखऱ्या गुडघ्यानं राखणीच्या मचाणावर कशाला चढलीस?

पारू : भाकरी द्याला. साऱ्या गुंद गावात तुझी रेंज हितंच घावती. त्ये लाल काय?

सुदेश : यादी. डेटाबेसच्या कुठल्या कामानं किती मेमरी घेतली, किती परत दिली. ही नजर ठेवणारा प्रोग्राम माझाच.

पारू : मग सगळ्यात वर कोण?

सुदेश : ऑफिसातल्या अक्षयचं काम. रोज शिव्या खातोय बिचारा.

पारू : त्येच्या वर एक ओळ हाय की.

सुदेश : ती आपल्याच प्रोग्रामची, म्हणून सोडून देतो... थांब. आत्ती, मीच खातोय!

पारू : म्हंजे?

सुदेश : कुणी मेमरी घेतली की माझा प्रोग्राम नोंद करतो. नोंदीला मेमरी लागते. ती घेतली म्हणून स्वतःचीही नोंद करतो. त्या नोंदीला परत मेमरी. पुसत मात्र एकही न्हाई.

पारू : दिग्गी गावचा गुणा असाच. राखणीला ठेवलावता. शेतात कोण शिरलं की वरडायचं. सोता खाली उतरला, की परत वर चढून वरडायचा, "शेतात कोण तरी शिरलंवतं!"

सुदेश : मग?

पारू : डुकरं कट्टाळून दुसऱ्याच्या शेतात गेली.

सुदेश : हे बघ, बंद केला. उतरली मेमरी.

पारू : मग गप बस. सोमवार टळला. कुणाला कळतंय?

सुदेश : कुणालाच न्हाई. ज्याला कळायचं तोच बंद केलाय.

(सव्वाचार. फोन स्पीकरवर.)

श्वेता मॅडम : सुदेश, आज पडला नाही! अक्षयचंच निघालं ना?

सुदेश : नाही मॅडम. माझाच प्रोग्राम खात होता.

श्वेता मॅडम : तीन दिवस?

सुदेश : न चुकता.

श्वेता मॅडम : ...सोमवारी ऑफिसला ये. समोर बसून दुरुस्त करू.

सुदेश : येतो.

पारू : सांग तिला, सोमवारी बस न्हाई.

सुदेश : ठेवला तिनं. आन् बस हाय, सकाळी सातला.

पारू : परत लाव आन् न्हाई म्हणून सांग. आज एक खरं बोललास न्हवं? बास झालं.